घास आणि पाट

मी बास्केटबॉलचा पंच आहे असं सांगितलं, की समोरच्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर एक ठरावीक भाव उमटतो. एखाद्याने ‘मी हार्मोनियमचे भाते दुरुस्त करतो’ म्हटल्यावर उमटावा, तसा. त्यात अविश्वास नसतो, आदरही नसतो. असाही उद्योग असतो तर, एवढंच कुतूहल असतं. क्रिकेटच्या पंचाला निदान घराघरांतून शिव्या तरी मिळतात. शाळकरी पोरापासून पेन्शनरापर्यंत प्रत्येकाला त्याचं काय चुकलं हे नेमकं ठाऊक असतं. माझ्या वाट्याला तेवढंही भाग्य आलेलं नाही. पाटबंधारे खात्यात मी ३१ वर्षं कारकुनी केली आणि त्यांतली २६ वर्षं रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी करडा सदरा चढवून, गळ्यात शिट्टी अडकवून, पोरांच्या मागे इकडून तिकडे धावलो. कारकुनीबद्दल मला कुणी कधी काही विचारलं नाही, आणि धावण्याबद्दल विचारतात ते एवढंच, की “त्यात कठीण काय असतं हो? चेंडू टोपलीत पडला की दोन गुण!”

एरवी मी ‘खरं आहे’ म्हणून गप्प बसतो. पण आज दिवाळी आहे, जवळ चकलीची बशी आहे, आणि हा अंक तुम्ही पैसे मोजून घेतलेला आहे. तेव्हा सहजासहजी उठून जाणार नाही, या भरवशावर सांगूनच टाकतो. चेंडू टोपलीत पडल्यावर दोन गुण देणं अजिबात कठीण नाही. ते काम मैदानाबाहेरचा कुल्फीवालासुद्धा करील. कठीण असतं ते, चेंडू टोपलीत न पडता दोन गुण देणं.

होय, असे गुण द्यावे लागतात. फुटबॉलच्या पंचाला न झालेला गोल देता येत नाही. फार तर तो पेनल्टी देईल. पण ती पुन्हा मारावी लागते, आणि मारणारा ती आकाशात भिरकावू शकतो. आमच्याकडे तसं नाही. चेंडू सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत बाहेर पडलेला असतो, आणि पंच शिट्टी फुंकून दोन बोटं दाखवतो, की हा पडला असं समजा. हजार माणसांनी जे पाहिलं त्याच्या उलट जाहीर करण्याचा हा अधिकार आहे, आणि तो वापरताना पोटात गोळा येत नाही असा पंच मी अजून पाहिलेला नाही.

या अधिकाराच्या जागा दोन. एकीला गोलटेंडिंग म्हणतात, दुसरीला बास्केट इंटरफिअरन्स. मी एकदा एका शिबिरात ‘लक्ष्यरक्षण’ आणि ‘टोपली-हस्तक्षेप’ असे शब्द करून पाहिले होते. मुलांनी ते इतक्या आदराने ऐकून घेतले, की पुन्हा वापरण्याचं धाडस झालं नाही. प्रेक्षकांनी तर हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. ते दोन्हीला गोलटेंडिंगच म्हणतात. टीव्हीवर बोलणारे लोकही पुष्कळदा तसंच म्हणतात. आणि इथेच सगळा घोटाळा आहे.

आता जरा लक्ष द्या. फार वेळ घेत नाही. खेळाडूने चेंडू टोपलीच्या रोखाने फेकला. तो वर चढला, कमानीचा माथा गाठला आणि खाली उतरू लागला. तो अख्खाच्या अख्खा कड्याच्या पातळीच्या वर आहे. अशा वेळी, टोपलीकडे उतरणाऱ्या त्या चेंडूला कुणी हात लावला, तर ते गोलटेंडिंग. चढत्या वाटेवर खुशाल अडवा. तो तर या खेळातला मोठा पराक्रम समजतात. पण एकदा उतरण लागली, की तो चेंडू टोपलीच्या स्वाधीन झाला. बोर्डावर आपटून कड्याकडे निघालेल्या चेंडूलाही, कड्याच्या वर असेपर्यंत, हेच संरक्षण. म्हणजे गोलटेंडिंगमध्ये आरोपी हात असतो आणि फिर्यादी चेंडू.

दुसऱ्या गुन्ह्यात फिर्यादी टोपली. चेंडू कड्यावर आहे, घुटमळतो आहे, आत जाऊ की बाहेर अशा विचारात आहे. आणि तेवढ्यात कुणी कड्याला, जाळीला किंवा बोर्डाला हात लावला, तर ती ढवळाढवळ. खालून जाळीतून हात घालून चेंडूला शिवला, कडं धरून लोंबकळत चेंडूशी खेळला, बोर्डाला असा दणका दिला की कडं थरथरून चेंडू बाहेर पडला, तरी तीच. आगळीक बचाव करणाऱ्याची असेल तर टोपली झाली असं धरून गुण द्यायचे. चढाई करणाऱ्याची असेल तर झालेली टोपलीही रद्द करून चेंडू दुसऱ्या संघाच्या हाती द्यायचा. शिक्षा दोन्ही गुन्ह्यांना सारखीच, म्हणून तर लोक फरक करत नाहीत. खिशातून दहा रुपये मारले काय आणि गल्ल्यातून मारले काय, गेले ते दहाच!

हा सगळा प्रकार मी एका रात्री आमच्या भाच्याला लिंबू आणि वाटी घेऊन समजावून देत होतो. भाचा जांभया देत होता. सौ. तिथेच बसून गवार मोडत होत्या. २६ वर्षांत त्यांनी एकही सामना पाहिलेला नाही, पण कान उघडे असतात. मध्येच म्हणाल्या, “अहो, एवढं काय त्यात? एकात जेवणाऱ्याचा घास हिसकायचा आणि दुसऱ्यात त्याच्या बुडाखालचा पाट ओढायचा. घास तोंडात जात नाहीच!”

मी लिंबू खाली ठेवलं. नियमांची पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत, पण त्यांत हे इतकं स्वच्छ कुठे आढळलं नाही. घासाला बोट न लावता घास चुकवता येतो, हे ज्याला कळलं त्याला बास्केट इंटरफिअरन्स कळला.

या दोन गुन्ह्यांत मोठा भाऊ कोण, हे विचाराल तर पाट ओढणं. धाकट्यापेक्षा तो चांगला ५३ वर्षांनी मोठा आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स संस्थानात, स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ नावाच्या कॅनडात जन्मलेल्या तरुण शिक्षकाने हा खेळ काढला. बाहेर थंडी, मैदानं बंद, आणि वर्गात १८ दांडगी पोरं व्यायामाला कंटाळलेली. नेस्मिथने शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. त्याच्याकडे खोकी नव्हती. त्याने पीच नावाच्या फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. (त्या दिवशी खोकी सापडली असती, तर आज आपण कोणता खेळ खेळत असतो, याचा विचार करून मला गंमत वाटते.) त्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता, म्हणून टोपली दहा फुटांवर. आजही तेवढीच आहे. टोपलीला बूड होतं, त्यामुळे चेंडू पडला की कुणीतरी चढून तो काढायचा.

नेस्मिथने एकंदर १३ नियम लिहिले. तो कागद २०१० साली लिलावात ४३ लाख डॉलरांच्या वर किमतीला गेला. त्यातला आठवा नियम मला फार आवडतो. टोपली केव्हा झाली म्हणायची, ते त्यात सांगितलं आहे; आणि सांगता सांगता बचाव करणाऱ्यांनी टोपलीला हात लावायचा नाही, हलवायची नाही, अशी अट घातली आहे. चेंडू काठावर टेकलेला असताना प्रतिपक्षाने टोपली हलवली, तर टोपली झालीच असं धरायचं! म्हणजे खेळ अजून नीट जन्मलेला नाही, आणि पाट ओढणाऱ्याची सोय झालेली आहे. पोरांना जवळून पाहिलेल्या मास्तराचा हा नियम आहे. टोपली दिसली की ती हलवण्याची बुद्धी कुणाला तरी होणारच, हे त्याला ठाऊक होतं.

आणि ती बुद्धी केवळ खेळाडूंनाच झाली असं नाही. सज्जात बसलेले प्रेक्षक कठड्यावरून वाकून आपल्या संघाचा चेंडू आत ढकलायचे आणि दुसऱ्याचा बाहेर. म्हणून टोपलीमागे आधी जाळीची आणि मग लाकडाची आडोशाची फळी आली. आज ज्या बोर्डावर आपटून चेंडू आत घालायची कला मुलं महिनोन्‌महिने घोटतात, तो बोर्ड मुळात प्रेक्षकांचे हात रोखायला लावलेला आहे. प्रेक्षकांना आम्ही पंच लोक थोडे भिऊन असतो, ते उगीच नाही.

घास हिसकण्याचा नियम मात्र नेस्मिथला सुचला नाही, कारण सुचण्याचं कारणच नव्हतं. त्या टोपलीच्या वर चेंडू पकडील असा माणूस त्याने पाहिलेला नव्हता. तो माणूस यायला अर्धशतक लागलं. आणि आला तो एकटा नाही, जोडीने आला. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात जॉर्ज मायकन, सहा फूट दहा इंच, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा; आणि ओक्लाहोमात बॉब कर्लंड, जवळजवळ सात फूट. हे दोघे टोपलीपाशी उभे राहायचे आणि आत उतरणारा चेंडू, झाडावरचा पेरू काढावा तसा काढून घ्यायचे. समोरच्या संघाने नेम धरायचा तरी कशाला? १९४४ साली अमेरिकेतल्या कॉलेजांच्या नियमांत गोलटेंडिंगची बंदी आली, ती या दोन लंबूंमुळे.

मला गंमत वाटते ती पुढची. ज्याचे हात बांधायला नियम केला, त्या कर्लंडच्या संघाने त्यानंतरच्या लागोपाठ दोन वर्षी, १९४५ आणि १९४६ साली, राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. मायकनही पुढे धंदेवाईक खेळातला त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू झाला. मग बिल रसेल आला. त्याच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने १९५५ आणि १९५६ ही वर्षं गाजवली. हा बहाद्दर आपल्याच साथीदाराचा चुकत चाललेला चेंडू कड्यावरच्या कड्यावर आत वळवायचा. तेव्हा १९५७-५८ च्या हंगामापासून, स्वतःच्या पंक्तीतल्या माणसाच्या घासालाही हात लावायचा नाही, असं ठरलं. एवढी उंच माणसं खेळायला आली, तरी टोपली चार बोटंही कायमची वर गेली नाही. ती आहे तिथेच राहिली. तिच्याभोवती नियम तेवढे वाढत गेले.

आपल्याकडे हा खेळ वायएमसीएच्याच वाटेने आला. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० साली शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, त्याचा यात मोठा वाटा. मुंबईत नागपाड्याला अमेरिकन मराठी मिशनने १९२०च्या दशकात नेबरहूड हाउस उभारलं, आणि त्या दाटीवाटीच्या वस्तीतल्या पोरांनी हा खेळ असा काही उचलला, की तिथला अब्बास मुंतसीर भारताचा कर्णधार झाला आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार घेऊन गेला. आमच्या जिल्ह्यात असं काही घडलेलं नाही. आमच्याकडे सिमेंटचं एक मैदान, दोन खांब, आणि ज्याची उंची भरेल तो पोरगा, एवढ्यावर संघ उभा राहतो.

आणखी एक भानगड सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. अमेरिकेतल्या धंदेवाईक सामन्यांत कड्याच्या वर एक अदृश्य नळकांडं उभं आहे असं मानतात. चेंडू कड्याला लागून त्या नळकांड्यात घुटमळत असला, तरी त्याला हात लावायची मनाई. आपण खेळतो ते आंतरराष्ट्रीय नियमांनी, आणि त्यांत हे नळकांडं नाही. चेंडू एकदा कड्याला लागला, की गोलटेंडिंगचं संरक्षण संपलं. मग तो कड्यावर नाचत असताना बचाव करणाऱ्याने खुशाल टोलवावा. फक्त टोलवताना कड्याला, जाळीला, बोर्डाला स्पर्श करायचा नाही. पाहा कशी उलटापालट आहे: चेंडू आकाशातून उतरत असेपर्यंत चेंडू सोवळ्यात, तो कड्यावर टेकला, की चेंडू ओवळ्यात आला आणि टोपली सोवळ्यात गेली. एका क्षणात सोवळं बदलतं. रात्री उशिरा टीव्हीवर अमेरिकेतले सामने पाहणारी मुलं सकाळी मैदानावर माझ्याशी वाद घालतात, त्याचं कारण हे.

पंचाचीही यात एक अडचण आहे. दोन पंच असले, की टोपलीखालचा पंच धक्काबुक्की पाहतो आणि मागे राहिलेला पंच चेंडूची वाट पाहतो. घासाचा गुन्हा पाहायचा तर नजर चेंडूवर हवी, पाटाचा पाहायचा तर कड्यावर आणि जाळीवर. पहिल्यात प्रश्न सरळ असतो: चेंडू कुठे होता, उतरत होता का, हात लागला का. दुसऱ्यातही जाळीला किंवा कड्याला लागलेलं बोट दिसलं तर काम भागतं. पण बोर्ड हादरला, कडं थरथरलं, अशी वेळ आली, की पायचीत देणाऱ्या क्रिकेटच्या पंचासारखी अवस्था होते. पुढे काय झालं असतं, हे ठरवायचं. जे घडलंच नाही त्याची साक्ष द्यायची. हे माझ्यावर दोन-तीनदाच आलं, आणि त्या रात्री मला झोप लागलेली नाही.

आता २०१५ सालच्या जानेवारीची गोष्ट सांगतो. त्या रात्री अशी अवघड साक्ष द्यायची नव्हती. जे झालं ते मी आठ-दहा फुटांवरून डोळ्यांनी पाहिलं होतं. तालुक्याचं गाव, कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेला चषक, अंतिम सामना, दिव्यांचा लखलखाट. भिंतीवर माणसं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत माणसं, शाळेच्या गच्चीवर बायका. संयोजकांनी अंतिम सामन्यासाठी म्हणून दोन्ही कड्यांना नव्याकोऱ्या पांढऱ्या जाळ्या आणून बांधल्या होत्या, आणि त्याबद्दल ध्वनिक्षेपकावरून तीनदा स्वतःचे आभार मानले होते.

गावच्या संघात १३ नंबरचा एक पोरगा होता. वय १७, उंची सहा फूट चार इंच, आणि अंगावर मांस म्हणून नाही, उसाच्या कांडक्यासारखा. उडाला की मात्र पाहत राहावं. त्या रात्री त्याने पाहुण्यांचे चार-पाच चेंडू चढत्या वाटेवर असे टोलवले, की गच्चीवरून बायका शिट्ट्या वाजवायला लागल्या.

शेवटची ११ सेकंदं. गावचा संघ ५१, पाहुणे ५०. पाहुण्यांच्या एका ठेंगण्या मुलाने डावीकडून चेंडू फेकला. मी मागचा पंच, नजर चेंडूबरोबर. चेंडू कड्याच्या पुढच्या काठावर आदळला, उडाला, मागच्या काठावर बसला आणि कड्यावरून घरंगळायला लागला. १३ नंबर उडाला. हात वर गेला, चेंडूपासून वीतभर राहिला, आणि तापल्या तव्यावरून काढावा तसा त्याने तो झटकन मागे घेतला. मागे घेतलेला हात खाली आला तो नव्या जाळीत. बोटं अडकली, जाळी खेचली गेली, कडं थरथरलं, आणि चेंडू बाहेर पडला. मी शिट्टी फुंकली आणि दोन बोटं दाखवली. ५१ विरुद्ध ५२.

पुढचा आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. शब्द मात्र एकच होता: “हात लागला नाही! चेंडूला हात लागला नाही!” मंचावरचे एक वजनदार गृहस्थ मोबाइल घेऊन खाली उतरले. कुणीतरी सगळं टिपलं होतं. त्यांनी पडदा माझ्या नाकासमोर धरला. चेंडू आणि हात यांच्यामध्ये वीतभर उजेड स्पष्ट दिसत होता.

“दिसतंय का पंच? लागलाय का चेंडूला हात?”

“नाही लागला.”

ते दचकले. इतक्या लवकर कबुली मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. “मग मागे घ्या की निर्णय!”

“जाळीला लागला.”

“जाळीला?” गृहस्थ खरोखरच विचारात पडले. “जाळीला लागून काय होतं?”

भांडायला आलेल्या माणसाने विचारलेला तो त्या रात्रीचा एकमेव खरा प्रश्न होता. पण उत्तर द्यायला अवधी नव्हता. मागे हजार माणसं एक गोष्ट ओरडत होती, आणि ती गोष्ट खरी होती. फक्त ती मी म्हटलेल्या गोष्टीचं उत्तर नव्हती. घासाला हात लागला नाही, हे ती सांगत होती. मी पाटाबद्दल बोलत होतो. गावच्या संघाचे मास्तर तर रडकुंडीला आले होते. माझ्यापुढे हात जोडून म्हणत होते, “साहेब, माझं पोरगं चेंडूला शिवलेलं नाही हो. मी त्याला शिकवलंय तसं.” अखेर खेळ सुरू झाला. उरलेल्या सेकंदांत गावच्या मुलांनी एक घाईचा चेंडू फेकला, तो बोर्डाच्याही बाहेर गेला. चषक पाहुण्यांनी नेला. आम्हां दोघा पंचांना मानधनाचं पाकीट खिडकीतून मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर मी चहा घेत होतो. समोर सायकल थांबली आणि तिच्यावरून १३ नंबर उतरला. नव्हे, उभाच राहिला. पोरगं रात्रभर जागं असावं.

“सर, एक विचारू? माझा हात चेंडूला लागला होता का?”

“नाही.”

“जाळीला लागला होता. मला कळलं होतं.” मग जरा थांबून, “पण जाळीचं कुणी सांगितलं नव्हतं. आमचे सर म्हणतात, चेंडू कड्याच्या वर असला की शिवायचं नाही. म्हणून मी हात मागे घेतला.”

ते मी पाहिलंच होतं. आता माझ्यापुढे पेच पडला. चहाचा कप हातात धरून मी विचार करत राहिलो, की याला पुरतं सांगावं की अर्धं. कारण पुरतं सांगायचं तर असं होतं, की बाळ, चेंडू कड्याला लागून गेला होता. तू हात मागे घेतला नसतास, बेधडक टोलवला असतास, तर ते नियमात बसलं असतं, मी शिट्टी फुंकली नसती आणि चषक तुमचा होता. तू आज्ञा पाळलीस, म्हणून हरलास. सतरा वर्षांच्या पोराला सकाळी सात वाजता हे सांगायचं? पण त्याने विचारलं होतं, आणि आदल्या रात्री एका गृहस्थाचा खरा प्रश्न मी तसाच सोडून आलो होतो. मी त्याला सगळं सांगितलं. कप पालथा घालून, बिस्किटाचा तुकडा त्याच्या काठावर ठेवून दाखवलं.

तो बराच वेळ कपाकडे पाहत राहिला.

“म्हणजे मारायला पाहिजे होता.”

“मारला असतास तर चाललं असतं.”

“आमच्या सरांना हे माहीत नसेल?”

“तुझ्या सरांनी शिकवलं ते चूक नाही. अर्धं आहे.”

त्याने सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. मग म्हणाला, “त्यांना सांगू नका सर. रात्री दोन वाजेपर्यंत ते माझ्यासाठी भांडत होते. संयोजकांच्या घरी जाऊन.”

माझी गाडी लागली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तर तो चहावाल्याच्या टेबलापाशी उभा राहून बोटाने तो बिस्किटाचा तुकडा कपावरून ढकलत होता, कपाला शिवणार नाही अशा बेताने.

मी त्याच्या मास्तरांना काही बोललो नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर भरलं, त्यात नियमांचा तास माझ्याकडे होता. मी कुणाचं, कुठल्या गावाचं नाव घेतलं नाही. लिंबू आणि वाटी घेतली, एक जुनी जाळी खिळ्याला टांगली, आणि चेंडू केव्हा सोवळ्यात, टोपली केव्हा सोवळ्यात, ते तासभर सांगितलं. घास आणि पाटही सांगितला. ४० शिक्षक पोट धरून हसले. दुसऱ्या रांगेत ते मास्तर बसले होते. ते हसले नाहीत. वहीत खाली मान घालून लिहीत होते, आणि मी कड्यावरच्या चेंडूपाशी आलो तेव्हा त्यांचं पेन थांबलं, ते बराच वेळ थांबलेलंच राहिलं.

तास संपल्यावर सगळे चहाला गेले. ते वही घेऊन माझ्याकडे आले. जानेवारीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

“जाळीसुद्धा?” त्यांनी विचारलं.

“जाळीसुद्धा.”

त्यांनी ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि वहीचं नवं पान उघडलं.

“तो पाटाचा दाखला एकदा पुन्हा सांगता का, सावकाश? पोरांना तसा लवकर कळेल.”

मी सांगू लागलो.